नरहर मास्तरांचं राहिलेलं वाक्य

समुद्रपुरात नरहर पुराणिक कोण म्हणून विचाराल तर लोक तोंडाकडे बघत राहतील. नरहर मास्तर म्हणा, की चार जण घर दाखवायला निघतील. घर म्हणजे तरी काय, लीलाबाई सरोद्यांच्या घराची पुढची खोली. मास्तर तिथे भाड्याने राहत आणि दोन वेळचं जेवणही लीलाबाईंकडेच घेत. मिडल स्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवून चोपन्न साली ते निवृत्त झाले. बायको त्याआधी दोन वर्षं गेली होती, मूलबाळ नव्हतं. वर्ध्याला एक भाऊ होता. तो दिवाळीला पत्र टाकी आणि त्यात दिवाळीशिवाय दुसरं काही नसे.

मास्तरांची इस्टेट म्हणजे एक इंग्रजी शब्दकोश. कुठलासा साहेब विलायतेला परत जाताना सामान विकून गेला, त्यात तो त्यांना मिळाला होता. उशीएवढा जाड, पाठ उसवलेली, तिला मास्तरांनी धोतराच्या काठाची पट्टी चिकटवली होती. रोज सकाळी चहा झाला की ते त्यातला एक अवघड शब्द काढत, वहीत लिहीत, खाली मराठीत अर्थ आणि त्याखाली एक वाक्य. वाक्याच्या बाबतीत त्यांचा नेम मोठा कडक होता. वाक्य पुस्तकातलं नको, गावातलं पाहिजे. वर्गातही ते हेच सांगत. "ज्या शब्दाला आपल्या गावात वाक्य नाही, तो शब्द तुम्हाला आला नाही. नुसता पाठ झाला."

त्यामुळे त्यांच्या वहीत सगळं समुद्रपूर इंग्रजीत नांदत होतं. 'ऑब्ड्युरेट' या शब्दाखाली तानबाचा तांबडा बैल होता, जो नाल्यात बसला की तासभर उठत नसे. 'लोक्वेशस'खाली पिठाच्या चक्कीवाला रूपराव होता. त्याची चक्की थांबे, तोंड थांबत नसे. 'ट्रान्झियंट'खाली हिंगणघाटच्या रस्त्यावरची खडी होती, जी एका पावसाळ्यात पडे आणि दुसऱ्यात वाहून जाई. गावातली माणसं, जनावरं, विहिरी सगळी त्या वहीत येऊन गेली होती. नव्हते ते फक्त नरहर मास्तर. स्वतःवर त्यांनी कधी वाक्य केलं नाही. शिक्षकाने उदाहरणात स्वतःला घालू नये, असं ते म्हणत. म्हणायला काय जातं.

ही वही कोणासाठी होती? शाळा सुटल्यावर कोणासाठीच नसती, पण लहानू होता.

लहानू हा जिजाबाईचा मुलगा. महारवाड्यातला. शाळेत आला तेव्हा दाराजवळ पोत्यावर बसे. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात त्याला पुढच्या बाकावर आणलं, आणि गावात जी कुरकुर झाली ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. एवढं त्यांनी केलं, ते खरं आहे, आणि त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. पुढे लहानू हिंगणघाटला शिकला, सुट्टीत मास्तरांकडे येऊन इंग्रजी घोटू लागला, आणि एक्कावन्न साली मॅट्रिक झाला. त्या वस्तीतला पहिला. आता तो नागपुरात कचेरीत कारकून होता आणि सकाळच्या कॉलेजात बी.ए. करत होता. महिन्यातून दोन पोस्टकार्डं त्याची ठरलेली. कार्डावर एखादा शब्द असे आणि खाली लिहिलेलं असे, "गुरुजी, वाक्य पाठवावे." मास्तर उलट टपाली अर्थ आणि वाक्य पाठवत. पोस्टमन हरिदास सायकल टेकवून "मास्तर, नागपूर आलं" अशी हाक मारी. मास्तरांच्या नावाने समुद्रपुरात दुसरी हाक येत नव्हती. ती हाक ऐकली की त्यांचा दिवस बरा जाई, आणि चार-पाच दिवस कार्ड लांबलं की ते उगाच ओसरीवर येऊन उभे राहत.

लहानू मॅट्रिक झाला त्या दिवशी जिजाबाई मास्तरांच्या अंगणात आली होती. पदर नीट करून, ओसरीपासून चार हात लांब उभी राहून म्हणाली होती, "मास्तर, एक डाव आमच्या घरी जेवाले या. तुमच्याच हातानं पोरगं मानसात आलं."

"येतो की. अवश्य येतो," मास्तर म्हणाले होते.

हे ते मनापासून म्हणाले होते, यात शंका नाही. शिवाशीव त्यांना मान्य नव्हती, वर्गात त्यावर ते तास तास बोलत. वर्धा काही लांब नव्हतं. खादी आणि भाषणं यांचा त्या जिल्ह्यात कधीच तोटा नव्हता. पण त्या जूनमध्ये पाऊस होता. मग श्रावण आला. पुढच्या वर्षी बायकोचं आजारपण, मग तिचं वर्ष. मग परीक्षा. मग निवृत्ती. जिजाबाई वाटेत भेटली की विचारी, "कवा येता मग?" मास्तर म्हणत, "येतो की, अवश्य येतो." एकदा लहानूने भाबडेपणाने सांगून टाकलं, की आईने त्यांच्यासाठी बाजारातून काशाची नवी थाळी आणली आहे. तिला घरात कोणी हात लावत नाही, फडक्यात बांधून फळीवर ठेवली आहे. मास्तरांनी ब्राह्मणाच्या पोटी जन्म घेतलेला, त्यांना आपल्या वापरातल्या भांड्यात कसं वाढायचं, म्हणून. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. तरी ते गेले नाहीत.

खरं कारण लीलाबाई होती. विधवा बाई, सोवळ्याची, स्वभावाने वाईट नव्हे. महारवाड्यात जेवून आलेल्या माणसाचं ताट ती आपल्या स्वयंपाकघरात मांडू देईल का, हा प्रश्न होता. मास्तरांनी तो तिला कधी विचारला नाही. न विचारताच सहा वर्षं ते तिच्या उत्तराला भीत राहिले.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. जिजाबाईही गेली होती. त्यानंतर लहानूच्या कार्डाच्या माथ्यावर 'सविनय जयभीम' येऊ लागलं, आणि जिजाबाईने वाटेत विचारायचं सोडलं. भेटली तर "बरे हा ना मास्तर?" एवढंच. मास्तरांना आधी सुटल्यासारखं वाटलं. मग महिन्याभराने वाटलं, की आपल्या अंगणात कोणी तरी उभं असायचं, ते आता नाही.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात हरिदासने ते कार्ड आणून दिलं. नेहमीसारखंच होतं. वर जयभीम, खाली परीक्षेची हकीकत, आणि शेवटी शब्द: व्हेलिइटी. "गुरुजी, अर्थ आणि वाक्य पाठवावे."

मास्तरांनी चष्मा पुसून कोश उघडला. शब्द सापडला. मुळात लॅटिनमधला, 'इच्छिणे' या क्रियापदापासून आलेला. अर्थ दिला होता: इच्छेची सगळ्यात खालची पायरी, जिच्यामागून कृती येत नाही अशी इच्छा. मास्तरांना आधी आनंदच झाला. चांगला शब्द होता. वहीत त्यांनी लगेच फोड करायला घेतली. समजा, माणसाला गिरडच्या टेकडीवर फरीदबाबांच्या दर्ग्याला जायचं आहे. जो पहाटे उठून वहाणा घालतो, त्याचा तो निश्चय. जो मोटार किती वाजता सुटते म्हणून विचारतो, त्याची ती इच्छा. आणि जो वीस वर्षं म्हणतो, "एकदा गिरडला जायला पाहिजे बुवा," त्याची ही व्हेलिइटी. मास्तर स्वतः एकोणतीस वर्षं गिरडपासून दहा-बारा मैलांवर राहत होते आणि टेकडी चढले नव्हते. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसले.

मग मराठी शब्द शोधू लागले. मनातले मांडे? नव्हे. मांडे खाणारा निदान खुशीत असतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात? तेही नव्हे. ती थाप असते, देणाऱ्याला द्यायचंच नसतं. ही इच्छा खोटी नव्हे, हाच तर घोळ होता. ती असते. खरी असते, जपलेली असते, चांगल्या माणसाच्या मनात तर हमखास असते. फक्त तिला वार नसतो. मास्तरांनी लिहिलं, "जिला वार ठरलेला नाही अशी इच्छा," आणि वाक्यासाठी टाक शाईत बुडवला.

गावातलं वाक्य पाहिजे होतं. ते समोरच उभं होतं, चार हातांवर, पदर नीट करून.

मास्तरांनी टाक खाली ठेवला. मग त्यांच्या मनात आलं, लहानूने हा शब्द मुद्दाम तर धाडला नसेल? पोरगं हुशार होतं. सहा वर्षं आई ज्याची वाट बघत राहिली त्या माणसाला तोंडावर काही न बोलता एक शब्द पाठवायचा आणि म्हणायचं, करा याचं वाक्य. मास्तरांचे कान तापले. मग राग आला. मग रागाची लाज वाटली, कारण मुद्दाम पाठवला असता तरी चुकीचा नव्हता.

ते कार्ड आठ दिवस तसंच राहिलं. त्यांनी रूपरावावर वाक्य करून पाहिलं, जमेना. तानबाच्या बैलाला कसली इच्छा! दुसरा आठवडा गेला. हरिदास सायकल न टेकवता पुढे जाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात मास्तर फाटकापाशी उभे होते, तेव्हा तो जाता जाताच म्हणाला, "नाई आज काही, मास्तर." उत्तर गेल्याशिवाय कार्ड येत नाही, हे मास्तरांना कळत होतं. आणि कार्ड येणं बंद झालं तर आपल्याला हाक मारणारं या जगात कोणी उरत नाही, हेही त्यांना त्या दिवशी फाटकात उभं असताना अगदी स्वच्छ कळलं. त्यांना भीती वाटली.

मग त्यांनी शिक्षकाचा हिशेब केला. आधी जाऊन जेवून यायचं. एकदा जेवलो की ते वाक्य आपलं राहत नाही, मग दुसऱ्या कोणाचं तरी करून पाठवता येईल. बाजाराचा दिवस होता, कापूस वेचणीला त्या दिवशी सुट्टी, म्हणजे जिजाबाई घरी असणार. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगितलं, "लीलाबाई, आज माझं ताट करू नका."

"काऊन? कोठं जाता?"

"जिजाबाईकडे. लहानूच्या आईकडे."

लीलाबाई वांगी चिरत होती. विळी थांबली नाही. "बरं मग, एक वांगं कमी करते," ती म्हणाली. "आल्यावर आंगोळ करून घेजा म्हणजे झालं. पानी ठेवते तापवून."

सहा वर्षांची भीती एका वांग्यात निकालात निघाली. मास्तरांना त्यावर काही बोलायचं होतं. आंघोळ कशासाठी, हे विचारायचं होतं. पण ते "बरं" म्हणून बाहेर पडले.

महारवाडा तिथून काही फार लांब नव्हता, चिंचेखालून गेलं की आलाच. एवढ्या वर्षांत मास्तर चिंचेच्या अलीकडूनच वळत आले होते. आता वाटेत त्यांच्या मनात सगळं मांडलेलं होतं. जिजाबाई गडबडून उठेल, डोळ्यांना पदर लावील, फळीवरची थाळी काढील. आपण म्हणू, नव्या थाळीची काही गरज नव्हती. हे वाक्य त्यांनी तीनदा घोकलं.

जिजाबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. मास्तरांना पाहून ती उठली, पण गडबडली नाही. "जयभीम मास्तर. या. बसा."

हात जोडून ते खाटेवर बसले. "जेवायला आलो," ते म्हणाले.

"आले तं बरंच झालं. भाकरी झाल्याच हायेत. वरन हाय, जवसाची चटनी हाय." ती आत जाता जाता म्हणाली, "मी येनारच व्हती तुमच्याकडे. लहानूनं कार्ड धाडलं, हरिदासनं वाचून दाखवलं. गुरुजीचं उत्तर नाई, तब्येत तं बरी हाय ना, पाहून येजो म्हने. लय जीव लागून राह्यला त्याचा."

पोरगं त्यांची तब्येत विचारत होतं. शब्द बिचारा परीक्षेच्या पुस्तकात आला असेल.

जिजाबाईने त्यांच्यासमोर जर्मनची ताटली ठेवली. काठाला चेपलेली, घरातली, रोजची. आणि स्वतःला वाढून घेऊन ती दोन हातांवर बसली. तिच्या मांडीवर काशाची थाळी होती. वापरून वापरून तिच्यावर बारीक ओरखडे पडले होते. मास्तरांची नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"ही तुमची व्हती," ती सहज म्हणाली. "पाच वर्सं फळीवर ठेवली. दीक्षा घेऊन आली अन् मंग म्हनलं, कायले? आपल्या ताटाले का झालं? पाहुना आला तं आपल्या भांड्यात जेवन, नाई आला तं नाई. तवापासून मीच जेवतो हिच्यात. खा ना, वरन थंडं होते."

घोकलेलं वाक्य मास्तरांच्या तोंडातच राहिलं. ते जेवले. भाकर चांगली होती, चटणी झणझणीत होती. जिजाबाईने आग्रह करून आणखी अर्धी भाकर वाढली, कापसाच्या बोंडांबद्दल बोलली, लहानूच्या लग्नाचं बोलली. मास्तर फार मोठं काही तरी घेऊन आले होते आणि ते ठेवायला त्या घरात जागाच नव्हती. एके काळी होती. फळीवर, फडक्यात बांधून. आता तिथे मिठाचं मडकं होतं.

हात धुऊन ते निघाले. जिजाबाई राख घेऊन ताटल्या घासायला बसली होती. "पुन्हा येजा मास्तर," ती म्हणाली.

"येतो की," मास्तर म्हणाले. "अवश्य येतो."

जिजाबाईने मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली आणि घासत राहिली.

चिंचेपाशी आल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. तेच शब्द, त्याच चालीवर. पोटात तिची भाकर होती आणि तोंडात सहा वर्षांपूर्वीचं उत्तर. ते चिंचेच्या बुंध्याला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. इतकं एकटं त्यांना बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी अंगणात दगडाजवळ बादली ठेवलेली होती, वर वाफ होती. मास्तर तिच्या शेजारी पायरीवर बसले. आतून लीलाबाई म्हणाली, "पानी थंडं होऊन राह्यलं."

"होऊ द्या," मास्तर म्हणाले. "मी आंघोळ नाही करणार, लीलाबाई."

त्या संध्याकाळी त्यांचं ताट स्वयंपाकघरात मांडलं गेलं नाही. पत्रावळीवर वाढून ओसरीच्या टोकाला ठेवलेलं होतं, वर दुसरी पत्रावळ झाकून. मास्तरांनी ते ओढून घेतलं आणि दिवेलागणीला ओसरीवर एकटे बसून जेवले. वांग्याची भाजी नेहमीसारखीच होती.

जेवण झाल्यावर त्यांनी कार्ड लिहायला घेतलं. अर्थ लिहिला. प्रयोगाबद्दल एक टीप लिहिली, की हा शब्द लोक बहुधा दुसऱ्याबद्दल वापरतात, पण तो ठीक बसतो स्वतःबद्दल. आणि खाली इंग्रजीत वाक्य लिहिलं, ज्याचा मराठीत अर्थ असा होतो: नरहर मास्तरांना जिजाबाईंकडे जेवायला जायचं होतं, सहा वर्षं ती त्यांची व्हेलिइटी होती. वहीतही त्यांनी तेच उतरवलं. तानबाच्या बैलानंतर बऱ्याच पानांनी मास्तर वहीत आले. सकाळी हरिदासची वाट न बघता ते स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकून आले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. बाजारातून पावशेर गूळ आणि थोडी संत्री घेतली आणि चिंचेपलीकडे गेले. जिजाबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारची पंचफुला पाण्याची गुंडी घेऊन येत होती, ती थांबली.

"जिजाबाई तं वेचनीले गेली मास्तर. कापूस लय फुटला, या बाजाराची बी सुट्टी नाई. तुम्ही येनार म्हनून सांगतलं व्हतं का तिले?"

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "पण वार सांगितला नव्हता."

"मंग कायले थांबता उन्हात? सांजच्याले येईन थे. तिचा काई भरोसा नाई."

"थांबतो," मास्तर म्हणाले. त्यांनी संत्री सावलीला सरकवली, वहाणा काढल्या आणि ते जिजाबाईच्या पायरीवर बसले.